कच्चे लिंबू

१९६६ साली ज्या शाळेत मी पाटी-दप्तर घेऊन पहिल्यांदा गेलो, त्याच शाळेच्या चौथीच्या वर्गात २०२४ च्या दिवाळीनंतर पुन्हा जाऊन बसण्याचा योग आला. कृष्णाकाठचे, वाळवे तालुक्यातले आमचे गाव. निवृत्तीनंतर पुस्तकांचे गठ्ठे घेऊन मी जुन्या घरी राहावयास आलो आणि महिन्याभरातच शाळेच्या बाई भेटावयास आल्या. माझ्याच हाताखाली त्यांनी एम. ए. केले होते. म्हणाल्या, “सर, मुलांना अक्षरं येतात, पण वाचनाची ओढ लागत नाही. दुसऱ्या सत्रात आठवड्यातून तीन दिवस येऊन गोष्टी वाचाल का?” मी होकार दिला. त्या होकारात थोडा परोपकार होता आणि बराचसा अहंकार. ज्याने पस्तीस वर्षे पदव्युत्तर वर्गांना समीक्षाशास्त्र शिकवले, त्याला चौथीच्या मुलांसमोर काय अवघड जाणार, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच आठवड्यात ती समजूत ढासळली. मी गोष्ट रंगवून वाचत होतो आणि समोरची बावीस मुले खिडकीतून अंगणाकडे पाहत होती. अंगणात फक्कीच्या रेषा आखलेल्या होत्या, दोन खांब रोवलेले होते. बाईंनी मला हळूच सांगितले, “सर, आधी मैदान होऊ द्या, मग गोष्ट.” त्या दिवसापासून मी मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर बसू लागलो.

बाईंच्या वर्गात शिकणे आणि खेळणे यांच्यामध्ये भिंत नव्हती. खो-खोचे मैदान आखणे हाच मुळी गणिताचा एक तास होता. दोन खांबांच्या मध्ये सारख्या अंतरावर आठ चौकोन आखायचे, तर मधली अंतरे किती होतील, असे त्यांनी विचारले. बहुतेकांनी ‘आठ’ असे उत्तर दिले. नऊ होतात हे त्यांना फळ्यावर पटले नाही. वाकून फक्की ओढताना, शेवटचे अंतर शिल्लक उरले तेव्हा पटले. लंगडी घालताना सातचा पाढा म्हणावयाचा, पाय टेकला की पाढा जिथे थांबला तिथून पुढच्याने उचलायचा. डिसेंबरात ‘बाल आनंद बाजार’ भरला. कुणी हरभऱ्याचे घाटे आणले, कुणी बोरे, कुणी घरच्या परसातली मेथी. ज्या मुलाला वहीत हातच्याची वजाबाकी जमत नव्हती, त्याने गिऱ्हाइकाला वीस रुपयांतून साडेसात रुपये वजा करून सुटे पैसे चुकते परत दिले. मग सव्वीस जानेवारीच्या लेझमीची तयारी सुरू झाली.

बाईंनी काही नवे शोधून काढले होते, असे नव्हे. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी आणि त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार आपल्या देशात रुजविला. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाईंनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत नेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेण्याची कल्पना त्यांचीच. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यामागचा साधा विचार. साधे विचार आचरणात आणणे किती अवघड असते, हे मला त्या सत्रात जवळून पाहावयास मिळाले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्गात तेविसावे मूल आले. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की आमच्या भागात बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. गावाबाहेर रस्त्याकडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. माणसे मोजण्याचे ते परिमाण. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत पहाटेच्या काळोखात फडावर जाणे चुकत नाही. अशाच एका कोयत्याची ही नऊ-दहा वर्षांची मुलगी. हातात शिक्षण हमी कार्ड आणि काखेत तीन वर्षांचा भाऊ. गावाकडच्या शाळेने दिलेले ते कार्ड दाखवले, की दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते. भावासाठी मात्र कोणतेही कार्ड नव्हते. तो तिच्याबरोबरच आला आणि तिच्याबरोबरच राहिला.

पहिल्या दिवशी मैदानावर तिला कोणत्या बाजूला घ्यावे, यावर मुलांची चर्चा झाली. चर्चा फार वेळ चालली नाही. एका मुलाने निर्णय दिला, “बाई, ती कच्चं लिंबू ऱ्हाऊ दे.” सर्वांना तो पटला. कुणाच्या मनात दुष्टपणा नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो.

मराठी मुलुखात ज्याचे बालपण गेले, त्याला कच्चे लिंबू म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कुठे त्याला लिंबूटिंबू म्हणतात, कुठे दूधभात. लहान, अशक्त किंवा नवख्या मुलाला खेळात घ्यायचे, पण मोजायचे नाही. त्याने पळावे, ओरडावे, हसावे. त्याला शिवले तरी तो बाद नाही आणि त्याने शिवले तरी समोरचा बाद नाही. तो खेळतो आहे असे त्याला वाटते. तो खेळत नाही हे बाकी सर्वांना ठाऊक असते. मुलांनी मुलांसाठी निर्माण केलेली ही एक दयाळू संस्था आहे.

या संस्थेचा मी जुना सभासद. मला लहानपणी दमा होता. पहिली ते चौथी, याच मैदानावर, मी कच्चे लिंबू होतो. सुरुवातीला त्याचे सुख वाटे. कुणी धक्का देत नसे, कुणी रागावत नसे. तिसरीत असताना एकदा मी खांबापाशी एका चपळ मुलाला खरोखर शिवलो. माझा हात त्याच्या पाठीला नीट लागला होता. मी आनंदाने ओरडलो. तो थांबलासुद्धा नाही. मागे वळून हसला आणि पळत राहिला. त्या हसण्यात तुच्छता नव्हती, वात्सल्य होते. घरी येऊन मी रडलो आणि का रडतो आहे ते आईला सांगता आले नाही. त्यानंतर मी मैदानात उतरणे कमी केले, चिंचोके घेऊन गुण मोजावयास बसू लागलो. मुले म्हणत, याचा हिशेब चुकत नाही. पुढे माझ्या समीक्षेविषयीही लोक जवळजवळ याच शब्दांत बोलले. रेषेच्या बाहेर बसून आतल्यांचे गुण मोजणे हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय झाला, त्याचे मूळ त्या चिंचोक्यांत असावे.

म्हणूनच त्या मुलीने त्या दिवशी जे केले, ते पाहून मी कट्ट्यावरून उठून उभा राहिलो. खेळ सुरू झाला. पाठलाग करणाऱ्याचा हात तिच्या खांद्याला लागला आणि तो पुढे निघून गेला. ती थांबली. मैदानाच्या मध्यावर उभी राहून म्हणाली, “मी न्हाई कच्चं लिंबू. मला बी आऊट धरा.” खेळ खोळंबला. बाईंनी तिच्याकडे पाहिले आणि शिट्टी वाजवून हात वर केला. बाद. ती रेषेबाहेर आली, माझ्याशेजारी बसली आणि भावाला मांडीवर घेतले. अवघ्या अर्ध्या मिनिटात बाद झालेल्या माणसाचा चेहरा इतका प्रसन्न मी कधी पाहिला नव्हता.

पुढे एक अडचण आली. ती मैदानात गेली, की भाऊ रडत तिच्यामागे धावे. तेव्हा त्याला सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. डॉक्टरेट मिळविल्यानंतर माझ्यावर जी अनेक पदे आली, त्यांत हे पद सर्वांत नि:संशय उपयुक्त होते. मी त्याला चिंचोके मोजावयास शिकविले. त्याने एक नाकात घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हापासून आम्ही खडे मोजू लागलो.

डच संस्कृती-इतिहासकार योहान हायझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळाविषयी एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. ‘होमो लुडेन्स’ हे त्याचे नाव. त्यात त्यांनी लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांच्यात एक मार्मिक भेद केला आहे. लबाडी करणारा निदान खेळाचे नियम मानत असल्याचे दाखवितो, म्हणून समाज त्याला क्षमा करतो; खेळ मोडणारा खेळाचे जगच नाकारतो, म्हणून त्याला क्षमा नसते. मी हा भेद वर्गात अनेक वर्षे शिकविला. पण या दोघांखेरीज आणखी एक जण मैदानावर असतो, हे मला त्या कट्ट्यावर बसल्यावर सुचले. तो नियम मोडत नाही आणि नाकारतही नाही; नियमच त्याला लागू होत नाहीत. त्याला बाहेर काढलेले नसते, तरी तो आत नसतो. कच्च्या लिंबाला हायझिंगांच्या विवेचनात मी तरी जागा शोधू शकलो नाही. आपल्याकडे मात्र त्याला नाव आहे, आणि ज्याला नाव आहे, त्याचा विचार करणे आपले काम आहे.

आपल्या संतांनी खेळांवर विपुल रचना केल्या. एकनाथांच्या भारुडांत फुगडी आहे, तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुतुतू आहेत. या रचनांकडे आपण अध्यात्माची रूपके म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या रचनांतला खेळगडी डाव अंगावर घेणारा आहे, याकडेही लक्ष द्यावे. वाळवंटात उतरलेल्याला हरावयाचा अधिकार आहे. समतेचा अर्थ सर्वांना खेळू देणे इतकाच नसून सर्वांना हरू देणे हाही आहे, असे त्या मुलीने मला त्या दिवसात शिकविले.

जानेवारीत केंद्रस्तरावरच्या क्रीडा स्पर्धा झाल्या. शाळेच्या खो-खो संघाची यादी ती येण्यापूर्वीच गेली होती, तेव्हा तिचे नाव त्यात असणे शक्य नव्हते. ती भावाला घेऊन रेषेबाहेर माझ्याबरोबर बसली. त्याच महिन्यात दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली होती आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली होती. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्याकडे. बाईंनी भ्रमणध्वनीवर मुलांना अंतिम सामन्यातला काही भाग दाखविला होता. ज्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले, तो खेळ मुलांना एकाएकी फार मोठा वाटू लागला होता. त्या दिवशी आमचा संघ पहिल्याच फेरीत हरला. परतताना मुले गप्प होती. ती मात्र मला विचारीत होती, “सर, पुढल्या वर्साला यादी कधी जाती?” पुढल्या वर्षी ती कोणत्या कारखान्यावर, कोणत्या जिल्ह्यात असेल, हे तिला, तिच्या आई-वडिलांना किंवा त्यांच्या मुकादमालाही सांगता आले नसते. मी म्हणालो, “नोव्हेंबरात.” तिने मान डोलावली.

या सत्रातली ज्या कारणाने मी ही हकीकत लिहावयास बसलो, ती गोष्ट फेब्रुवारीच्या अखेरीस घडली. हंगाम यंदा लवकर आटोपणार होता. कारखान्याचा पट्टा पडला, की टोळ्या दोन दिवसांत निघतात. बाई तिच्या कागदपत्रांची तयारी करीत होत्या. २०१० पासून आपल्याकडे प्राथमिक वर्गांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहिणे सुरू झाले. गुणांच्या जोडीला शब्द आले, ही माझ्या व्यवसायाला जवळची गोष्ट. बाई म्हणाल्या, “सर, तुम्ही तिच्याजवळ सर्वांत जास्त बसलात. तिची नोंद तुम्ही लिहून द्या. मी माझ्या नोंदवहीशी ताडून पाहीन.”

मी लिहिले, “विद्यार्थिनी अत्यंत उत्साही, जिद्दी व प्रांजळ आहे. प्रतिकूल परिस्थितीतही तिची शिक्षणाविषयीची ओढ कौतुकास्पद असून तिची वाटचाल आश्वासक आहे.”

बाईंनी कागद वाचला, क्षणभर थांबल्या आणि अतिशय अदबीने म्हणाल्या, “सर, हे छानच आहे. पण हे वाचून तिच्या पुढच्या बाई उद्या सकाळी काय करतील?”

मला उत्तर देता आले नाही. कारण ‘आश्वासक’ हा शब्द कागदावर पाहताच मला तो पूर्वी कुठे लिहिला होता, ते आठवले.

१९९४ साली एका खेड्यातल्या शिक्षिकेने आपल्या कवितांचे बाड माझ्याकडे प्रस्तावनेसाठी पाठविले होते. पहिलाच संग्रह. सोबतच्या पत्रात तिने लिहिले होते, की यातल्या कोणत्या कविता काढाव्यात ते नि:संकोच सांगावे. मी ते बाड दोनदा वाचले. चाळीसेक कवितांपैकी नऊ-दहा अस्सल होत्या, बाकीच्या त्या काळच्या रूढ कवितेचे प्रतिध्वनी होते. हे मला स्वच्छ दिसले होते. तरीही मी तिला ते कळविले नाही. चार पानांची प्रस्तावना लिहिली. तिच्यात ‘प्रांजळ’ होते, ‘अनुभवाशी इमान’ होते, ‘आश्वासक’ होते. ‘अपेक्षा वाढल्या आहेत’ हे तर होतेच. नामवंत कवींच्या संग्रहांवर लिहिताना मी एकेका प्रतिमेचा हिशेब मागत असे. त्यांच्यातले काहीजण त्यामुळे माझ्यावर रुष्टही झाले. या बाईंच्या संग्रहाशी मी असा वाद घातला नाही. ती खेड्यातली, नवखी, परिस्थितीशी झगडणारी. तिला कशाला दुखवा, असे मी मनाशी म्हणालो. त्यालाच मी सहृदयता समजत होतो.

वस्तुत: मी तिला कच्चे लिंबू ठरविले होते. तिने मला सांगितले होते, ‘मला आऊट धरा.’ आणि मी वात्सल्याने हसून पुढे पळत राहिलो होतो. तिसरीत ज्या हसण्याने मी रडलो, तेच हसणे मी चार पानांत छापले होते. तिचा दुसरा संग्रह निघाला नाही. त्याला माझी प्रस्तावना कारण झाली, असे मी म्हणणार नाही. संसार, नोकरी, प्रकृती अशी अनेक कारणे असू शकतात, आणि स्वत:च्या अपराधाला अवास्तव मोठे करणे हाही अहंकारच. परंतु तिने जे मागितले होते, ते माझ्याजवळ होते आणि मी ते दिले नाही, एवढे मात्र खरे. आणि ती एकटी नव्हती. माझ्या कपाटात अशा सतरा प्रस्तावना आहेत.

मी बाईंकडून दुसरा कागद मागून घेतला. या खेपेला लिहावयास पाऊण तास लागला. मी लिहिले, की ती जोडाक्षरे वाचताना अडखळते, विशेषत: रफार आला की थांबते, पण थांबल्यावर शब्द सोडून देत नाही, पुन्हा मागून सुरुवात करते. हातच्याची वजाबाकी येते, भागाकार अद्याप येत नाही. तो वस्तू वाटून दाखविल्यास समजतो. गोष्ट ऐकताना शेवट आधी सांगून टाकते, तेव्हा तिला वेगळ्या शेवटाच्या गोष्टी द्याव्यात. खो-खोत पळताना डावीकडे हूल चांगली देते, परंतु खांबापाशी आली की थबकते आणि तिथेच बाद होते. सरावाने हे सुधारेल. डिसेंबरात ती अर्धा मिनिट टिकत होती, आता दोन मिनिटे टिकते. तिला तीन वर्षांचा भाऊ आहे. त्याला वर्गात बसू दिल्यास ती रोज येते, न बसू दिल्यास येत नाही.

बाईंनी त्यातल्या एका वाक्यावर बोट ठेवले. म्हणाल्या, “भागाकार मंगळवारी आला, सर. तुम्ही त्या दिवशी नव्हता.” मी दुरुस्ती केली. मग त्यांनी ती नोंद आपल्या हस्ताक्षरात उतरवून घेतली आणि खाली सही केली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पट्टा पडला. शनिवारी ती वर्गात होती, सोमवारी नव्हती. रस्त्याकडेच्या कोप्यांच्या जागी काळे पडलेले चुलीचे दगड आणि वाळलेले वाडे राहिले होते. ती नोंद तिच्या पुढच्या बाईंच्या हाती पडली की नाही, पडली असल्यास त्यांनी ती वाचली की नाही, हे कळण्याचा मार्ग नाही. कट्ट्यावर मला काही दिवस रिकामे वाटले. मांडीवर खडे मोजणारे कुणी नव्हते.

एप्रिलमध्ये परीक्षांच्या आधी शेवटचे खेळ झाले. दुसरीतला एक किरकोळ मुलगा चौथीच्या खेळात घुसला. मुलांनी त्याला कच्चे लिंबू ठरविले आणि तो खुशीत उड्या मारू लागला. मी बाईंकडे पाहिले. मला वाटले, त्या हरकत घेतील. त्यांनी घेतली नाही. एवढेच म्हणाल्या, “आठ दिवस. नवव्या दिवशी त्याला धरायचा.” मुलांनी होकार दिला. मला आठवले, की चार वर्षांत माझा नववा दिवस कुणी मोजलाच नव्हता. आणि मीही कधी मोजा म्हणालो नव्हतो. दया करू नये, असे बाईंचे म्हणणे नव्हते. दयेला मुदत असावी, एवढेच त्यांनी ठरविले होते.

मे महिन्यात मी ते १९९४ चे पुस्तक कपाटातून काढले. पुन्हा वाचले. अस्सल कविता नऊ-दहा नसून बारा आहेत, असे या वेळी दिसले. तेव्हा माझाही हिशेब चुकला होता. कोणत्या कविता काढावयास हव्या होत्या, कोणत्या ठेवावयास आणि का, हे मी अकरा पानांच्या पत्रात लिहिले. पत्ता तीस वर्षांपूर्वीचा आहे. त्यावरच टाकले आहे.

जूनमध्ये शाळा पुन्हा उघडली. आठवड्यातले तीन दिवस मी जातो. आधी मैदान, मग गोष्ट.